मावळातील जुनी बांधकामे आणि संरचना अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण : एक ऐतिहासिक विवेचन

बीजशब्द : मावळ, लोणावळा, बोरघाट, संरचना अभियांत्रिकी, चुन्यातील दगडी बांधकाम, पदव्युत्तर शिक्षण

प्रस्तावना

रविवार, दि. १५ जून २०२५ रोजी मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीच्या भाराने कोसळला. चार जणांना प्राण गमवावे लागले आणि पन्नासाहून अधिक जखमी झाले. हा पूल धोकादायक असल्याचे आधीच ठरले होते. ज्या तालुक्यात ही घटना घडली त्याच तालुक्यात तळेगाव, आंबी आणि लोणावळा येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. पुणे शहरातील महाविद्यालयांत तर संरचना अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण अनेक दशकांपासून दिले जात आहे. एका दुर्घटनेवरून एखाद्या शिक्षणक्रमाची परीक्षा करणे अन्यायाचे होईल. पुलावर किती माणसे चढू द्यावीत हा मुख्यतः प्रशासनाचा प्रश्न असतो. तथापि उभ्या असलेल्या जुन्या बांधकामाची उरलेली ताकद किती, हे सांगण्याची विद्या आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कोणत्या स्थानी आहे, असा प्रश्न या घटनेने उपस्थित केला आहे. त्या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मावळ हा प्रदेश या शोधासाठी विशेष सोयीचा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील या चिंचोळ्या पट्ट्यात कार्ले व भाजे येथील लेणी, लोहगड व विसापूर हे किल्ले, एकोणिसाव्या शतकातील रेल्वेचा घाट, विसाव्या शतकाच्या आरंभीची दगडी धरणे आणि एकविसाव्या शतकातील द्रुतगती मार्ग अशी निरनिराळ्या काळांतील बांधकामे एकमेकांपासून काही मैलांच्या आत उभी आहेत. महाराष्ट्रात इतका दाट संग्रह अन्यत्र क्वचितच आढळेल.

सुतार सामी आणि भार न पेलणारे वासे

कार्ले येथील चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद असून त्याच्या कमानदार छताला आतून लाकडी वासे बसविलेले आहेत. दोन हजार वर्षांच्या सुमारास जुने असलेले हे लाकूड आजही जागेवर आहे. संरचनेच्या दृष्टीने या वाशांचे काम काहीही नाही, कारण छताचा भार सर्वस्वी कातळ पेलतो. लाकडी इमारतीचे रूप दगडात आणताना ज्या अवयवांची आवश्यकता उरली नव्हती तेही कारागिरांनी श्रद्धेने बसविले. रूप आणि भार यांतील हा भेद पदव्युत्तर वर्गात पहिल्याच सत्रात शिकविला जातो, पण त्यासाठी उदाहरणे मात्र बहुधा परदेशी ग्रंथांतून घेतली जातात.

याच लेण्यातील एका लेखात धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामी या वढकीने, म्हणजे सुताराने, द्वाराचे काम केल्याचा उल्लेख आहे. लेण्यांतील बहुतेक लेख दात्यांची नावे सांगतात, घडविणाऱ्याची फारच थोडे सांगतात. मावळातील बांधकाम करणाऱ्या ज्या व्यक्तींची नावे आपल्याला ठाऊक आहेत त्यांत हा सामी बहुधा सर्वांत प्राचीन म्हणावा लागेल. त्यानंतरच्या शतकांत लोहगडाचे बुरूज, गडावरील टाकी, नाना फडणविसांनी बांधविलेली बाव अशी कितीतरी कामे झाली, परंतु गवंड्यांची नावे राहिली नाहीत. लोहगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ या शीर्षकाखाली जागतिक वारसा यादीत झाला. तेव्हापासून त्याच्या तटबंदीची निगा ही आंतरराष्ट्रीय जबाबदारीही झाली आहे.

बोरघाट : पदवीविना उभे राहिलेले काम

मुंबई–पुणे रेल्वेमार्गावरील खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्येच सुरू झाला होता. अडचण होती ती घाटाची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी आखलेल्या चढाचे काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. सुमारे सोळा मैलांच्या अंतरात १,८३१ फूट उंची गाठावयाची होती. त्यासाठी २५ बोगदे आणि आठ उंच कमानींचे पूल बांधावे लागले, सर्वाधिक चढ ३७ फुटांस एक फूट इतका ठेवावा लागला, आणि एका ठिकाणी गाडीची दिशा उलटविण्याचे स्थानक करावे लागले. एका टप्प्यावर या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने त्यांच्यातील असंख्य माणसे दगावली. मजुरी थकल्यामुळे १८५९ च्या जानेवारीत दंगा झाला आणि त्यानंतर फेव्हिएल या ठेकेदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पोहोचल्यावर काही आठवड्यांतच मरण पावला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका आपल्या नावावर चालू ठेवला. घाट १८६३ मध्ये खुला झाला. बर्कली तो पाहावयास उरले नव्हते. त्यांचे निधन १८६२ मध्ये झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बर्कली हे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झालेले होते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अभियंता हा विद्यापीठात घडत नसे. एखाद्या अनुभवी अभियंत्याच्या कार्यालयात उमेदवारी करून तो घडत असे. म्हणजे हिंदुस्थानातील त्या काळच्या सर्वांत अवघड रेल्वेकामांपैकी एक ज्याने आखले त्याच्या शिक्षणाची पद्धत आपल्याकडील गवंड्याच्या शिक्षणाहून तत्त्वतः फार वेगळी नव्हती. काम पाहत, करत आणि चुकत शिकण्याची ती पद्धत होती. भेद होता तो गणिताचा, नकाशांचा आणि अधिकाराचा.

चुकण्याची किंमत लवकरच कळून आली. घाटातील म्हाऊ-की-मल्ली येथील आठ कमानींचा पूल १८६७ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसात कोसळला. पूल बांधून पुरती पाच वर्षेही लोटली नसतील. चौकशीत बांधकामाचा दर्जा हेच कारण पुढे आले. दर्शनी दगड नीट घडविलेला होता, पण आतील भरण निकृष्ट आणि चुना हलका होता. त्यानंतर या रेल्वेच्या अन्य पुलांचीही तपासणी झाली आणि त्यांतील अनेक दुरुस्त करावे किंवा नव्याने बांधावे लागले. आज ज्यास आपण ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ म्हणतो त्याचा पश्चिम हिंदुस्थानातील हा आरंभीचा मोठा प्रसंग मानता येईल. तो घडला मावळाच्या उंबरठ्यावर, आणि या भागात संरचनेची पदव्युत्तर पदवी अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी.

या प्रकरणाचा खरा धडा भाराच्या गणिताविषयी नव्हता. कमानीचे गणित बरोबर असूनही पूल पडू शकतो, कारण गणित ज्या दगडाला व चुन्याला गृहीत धरते तो दगड व चुना प्रत्यक्षात तेथे असेलच असे नाही. दर्शनी घडाई डोळ्यांना दिसते, आतील भरण दिसत नाही. ते ओळखावे लागते.

पुण्याचे महाविद्यालय

घाटाचे काम सुरू होण्याच्या सुमारे दीड वर्ष आधी, १८५४ मध्ये, पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. सार्वजनिक बांधकाम खात्यास दुय्यम दर्जाचे नोकर पुरविणे हा त्याचा उद्देश होता. त्याच्या सात वर्षे आधी, १८४७ मध्ये, रुरकी येथे गंगेच्या कालव्याच्या निमित्ताने असेच महाविद्यालय निघाले होते. पुण्याची संस्था १८६५ मध्ये मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली आणि डॉ. थिओडोर कुक यांच्या प्राचार्यपदाच्या दीर्घ काळात तिला स्थैर्य लाभले. विद्यार्थ्यांना एल.सी.ई. ही पदवी मिळू लागली. बर्कली यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात सुवर्णपदक ठेवण्यात आले. अशा रीतीने उमेदवारी करून घडलेल्या अभियंत्याचे नाव महाविद्यालयीन परीक्षेच्या गौरवाशी जोडले गेले. इतिहासात असे योग अधूनमधून येतात.

याच महाविद्यालयातून बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. खडकवासला धरणावर त्यांनी बसविलेल्या स्वयंचलित दरवाजांची कीर्ती सर्वश्रुत आहे. त्या दरवाजांकडे वेगळ्या दृष्टीनेही पाहता येते. धरण आधीच उभे होते. विश्वेश्वरय्यांनी नवे धरण बांधले नाही, असलेल्या धरणात अधिक पाणी साठविण्याची युक्ती केली. आणि तसे करताना जुन्या दगडी भिंतीला हा वाढीव भार सोसेल की नाही याचा निर्णय त्यांना घ्यावा लागला असणार. एकोणिसाव्या शतकातील अभियंत्याला नवे बांधणे आणि जुने जोखणे ही दोन कामे वेगळी वाटत नव्हती. ती वेगळी झाली ती पुढे, पदव्या वाढल्यानंतर.

लोणावळ्याची धरणे आणि चुन्याची घाणी

टाटा जलविद्युत योजनेचा पायाचा दगड मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळा येथे बसविण्यात आला. जमशेटजी टाटा यांचे १९०४ मध्ये निधन झाले होते. त्यांचे स्वप्न सर दोराबजी यांनी पुरे केले. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात पडणारे पाणी लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे अडवावयाचे, ते नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीस सोडावयाचे आणि तेथे निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची, अशी ही योजना होती. १९१५ मध्ये वीज मिळू लागली. त्यानंतर आंध्र नदीवर ठोकरवाडी येथे धरण झाले. पुढे मुळशीचे धरण झाले, पण ते सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहाला तोंड देऊनच. मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी या भिंतींकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर अभियांत्रिकीच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही, म्हणून तिचा येथे निर्देश केला. विषय मात्र भिंतींचा आहे.

ही धरणे दगड व चुना यांची आहेत. त्या वेळी दुसरा मार्गही सोयीचा नव्हता, कारण पोर्टलंड सिमेंटचे मोठ्या प्रमाणावरील देशी उत्पादन पोरबंदर येथे १९१४ च्या सुमारास सुरू झाले. चुना भाजणे, त्यात भाजक्या विटांची सुरखी मिसळणे, बैलांनी ओढावयाच्या दगडी चाकाच्या घाणीत तो मळणे, किती वेळ मळला म्हणजे ‘आला’ हे हाताने ओळखणे, डबर कोणत्या बाजूने बसवावा व सांधे किती ठेवावेत हे ठरविणे, ही सर्व विद्या गवंडी आणि वडार कारागिरांपाशी होती. तिची परिभाषा मराठीत होती आणि ती तोंडी होती. महाविद्यालयाची भाषा इंग्रजी होती आणि विद्या छापील होती. दोन्ही विद्या एकाच भिंतीवर काम करीत होत्या, परंतु एका विद्येने दुसरीची टिपणे फारशी घेतली नाहीत. सिमेंट आल्यावर घाण्या बंद पडल्या आणि तोंडी विद्या दोन पिढ्यांत ओसरली. आज वळवणच्या भिंतीतील चुन्याविषयी एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला काही जाणून घ्यावयाचे असेल तर त्याला भिंतीला छिद्र पाडून नमुना काढावा लागतो. विचारावे असे माणूस उरलेले नाही.

या धरणांच्या संकल्पनकाळी दगडी धरणाचे शास्त्रही घडत होते. भिंतीच्या छेदात कोठेही ताण येऊ नये, सर्वत्र दाबच राहावा, यासाठी भारांची परिणामी रेषा पायाच्या मधल्या तृतीयांशात ठेवावी, हा नियम रूढ झाला होता. पण भिंतीच्या खाली व आत शिरणारे पाणी भिंतीला वर उचलू पाहते, या उचलीच्या दाबाचे महत्त्व पुरतेपणी पटलेले नव्हते. फ्रान्समधील बूझे धरण १८९५ मध्ये फुटले तेव्हा युरोपात त्याची चर्चा झाली. आपल्याकडे ग्वाल्हेरजवळील तिघरा धरण १९१७ मध्ये सरकून फुटले. उचलीचा दाब आता प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. तो पाठ्यपुस्तकात येण्यासाठी काही भिंती पडाव्या लागल्या.

तळेगावचाही निर्देश येथे करणे उचित होईल. पैसा फंडाच्या वर्गणीतून तेथे १९०८ मध्ये उभा राहिलेला काचकारखाना हा उत्पादनाइतकाच शिक्षणाचा प्रयोग होता. भट्टीपुढे उभे राहून शिकलेले कारागीर तेथून देशभर गेले. कारखान्यात शिकणे आणि वर्गात शिकणे यांची सांगड घालण्याचा तो मावळातील आरंभीचा स्वदेशी प्रयत्न होता.

कोयनेनंतर

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली. त्यानंतरच्या काळात अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण हळूहळू रुजले. त्यामागे दोन प्रेरणा होत्या. स्वातंत्र्योत्तर काळात मोठी धरणे, पूल व कारखाने बांधावयाचे होते, आणि त्यासाठी प्रबलित व पूर्वताणित काँक्रीटचे सखोल ज्ञान असणारे संकल्पक हवे होते. दुसरी प्रेरणा आपत्तींनी दिली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्याची दाणादाण उडाली. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला.

कोयनेने एक जुनी समजूत मोडली. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित आहे असे तोवर मानले जाई. कोयना धरणाच्या संकल्पनात भूकंपासाठी ०.०५ एवढाच गुणांक धरलेला होता. धरणात बसविलेल्या यंत्राने त्याच्या कितीतरी पट धक्क्याची नोंद केली. धरण फुटले नाही, परंतु त्याच्या वरच्या भागास आडव्या भेगा गेल्या आणि पुढे आधारभिंती देऊन ते बळकट करावे लागले. भूकंपात तडा गेलेल्या काँक्रीट धरणाची इतकी चांगली यांत्रिक नोंद जगात दुर्मीळ होती. त्यामुळे ‘कोयना’ हे नाव संरचना-गतिकीच्या आंतरराष्ट्रीय वाङ्मयात कायमचे दाखल झाले. फायनाइट एलिमेंट पद्धतीने धरणाचे विश्लेषण करणारा विद्यार्थी कॅलिफोर्नियात असो वा चीनमध्ये, आपली आज्ञावली बरोबर चालते की नाही हे तो अनेकदा कोयनेच्या भिंतीवर पडताळून पाहतो.

भूकंपाविषयीच्या आय.एस. १८९३ या मानकाची पहिली आवृत्ती १९६२ ची; कोयनेनंतर १९७० मध्ये ती सुधारली गेली. १९९३ च्या किल्लारी आणि २००१ च्या भूज भूकंपांनंतर पुन्हा मंथन झाले. भूजनंतर केंद्र शासनाने २००३ मध्ये भूकंप अभियांत्रिकी शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याचा भर विद्यार्थ्यांहून अधिक अध्यापकांच्या प्रशिक्षणावर होता, ही त्याची दूरदृष्टी म्हणावी लागेल. काँक्रीटविषयक आय.एस. ४५६ हे मानकही १९७८ मध्ये ‘लिमिट स्टेट’ पद्धतीकडे वळले आणि २००० मध्ये पुन्हा सुधारले. प्रत्येक सुधारणेबरोबर पदव्युत्तर अभ्यासक्रम बदलला. मानके मात्र मुख्यत्वे नव्या बांधकामाविषयी बोलतात, आणि अभ्यासक्रम मानकांच्या मागून चालला.

पदवी कोणासाठी

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा ढाचा सामान्यतः असा राहिला आहे : मॅट्रिक्स पद्धतीने विश्लेषण, स्थितिस्थापकतेचा सिद्धान्त, संरचना-गतिकी, फायनाइट एलिमेंट पद्धत, पट्टिका व कवचे, पूर्वताणित काँक्रीट, आणि दुसऱ्या वर्षी प्रबंध. जुन्या संरचनांचे परीक्षण व पुनर्बळकटीकरण हा विषय बहुधा ऐच्छिकांच्या यादीत राहिला. चुन्यातील दगडी बांधकाम तर पदवीच्या वर्गातच प्रास्ताविकापुरते उरले. ज्या विद्यार्थ्याला संगणकावर चाळीस मजली इमारतीचे कंपन काढता येते त्याला शंभर वर्षांच्या दगडी कमानीची उरलेली ताकद सांगताना सुरुवात कोठून करावी हे कळत नाही. यात त्याचा दोष नाही.

अभ्यासक्रमाचे हे स्वरूप समजून घेण्यासाठी पदवी कोण घेत होते हे पाहावे लागते. १९८० च्या दशकात ‘गेट’ परीक्षा आली आणि तिच्याद्वारे प्रवेश घेणाऱ्यास मासिक शिष्यवृत्ती मिळू लागली, जी पुढे १२,४०० रुपयांपर्यंत गेली. लोणावळा–पुणे लोकल १९७८ मध्ये सुरू झाली होती. मावळातील विद्यार्थ्याला शिवाजीनगर स्थानकावर उतरून पुण्याच्या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पायी जाता येई. अशा विद्यार्थ्यांपैकी काही संकल्पन-कार्यालयांत गेले, काही शासकीय सेवेत.

परंतु १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाल्यानंतर चित्र बदलले. महाविद्यालये वाढली तशी अध्यापकांची गरज वाढली. दोन दशकांत ही लाट मावळात पोहोचली. लोणावळ्याजवळ कुसगाव येथे २००४ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तळेगाव परिसरातही निघाली. तोपर्यंत प्रथम श्रेणीतील पदवीधरास अधिव्याख्याता होता येत असे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मार्च २०१० मधील अधिसूचनेने सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवी आवश्यक ठरविली. ज्या महाविद्यालयांत पदवीधर अध्यापक अध्यापन करीत होते त्यांच्यापैकी अनेकांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. संस्थांनीही पदव्युत्तर वर्ग सुरू केले. दिवसभर तास घ्यावयाचे, उत्तरपत्रिका तपासावयाच्या, आणि सुटीत आपल्या प्रबंधाचे संगणकीय प्रारूप चालवावयाचे, असा दुहेरी भार एका संपूर्ण पिढीने वाहिला. प्रस्तुत नियतकालिकाच्या वाचकांपैकी अनेकांना तो स्वानुभवाने परिचित असेल.

या स्थितीचा प्रबंधांच्या विषयांवर परिणाम होणे अपरिहार्य होते. वेळ थोडा, प्रयोगशाळा मर्यादित, प्रवासाला पैसा नाही. अशा वेळी संगणकावर पूर्ण करता येईल असा विषय निवडणे शहाणपणाचे ठरते. बहुमजली चौकटीचे भूकंपीय विश्लेषण हा विषय पुनःपुन्हा घेतला गेला तो त्यामुळे. त्याच वेळी महाविद्यालयाच्या फाटकातून दिसणाऱ्या घाटातील दीडशे वर्षांच्या दगडी कमानी, तळेगावच्या ओढ्यांवरील मोऱ्या, ग्रामपंचायतींच्या हद्दीतील लहान लोखंडी पूल यांची मोजमापे कोणी घेतली नाहीत, असे सरसकट म्हणता येणार नाही. पण ते अपवाद होते. तसे काम करावयास दोरी, हातोडा, परवानगीचे पत्र आणि दोन पावसाळे लागतात. सहा महिन्यांच्या सत्रात ते बसत नाही. अध्यापकांना आळशी ठरविणारी टीका अधूनमधून होते ती म्हणूनच उथळ आहे. पदवीची पात्रता आणि पदवीची विद्या यांची गल्लत धोरणाच्या पातळीवर झाली होती.

नवे पूल, जुन्या भिंती

मावळात नव्या बांधकामाची वाण कधीच नव्हती. सुमारे ९४ किलोमीटरचा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णतः खुला झाला. खोपोली ते कुसगाव या १३.३ किलोमीटरच्या नव्या जोडमार्गाचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले. त्यातील एक बोगदा सुमारे ८.९ किलोमीटर लांबीचा असून लोणावळा तलावाच्या तळाखालून जातो, आणि दरीवरील केबल-आधारित पुलाचे मनोरे सुमारे १८० मीटर उंचीचे आहेत. पदव्युत्तर शिक्षणात जे शिकविले जाते त्याचे हे सर्वोत्तम उपयोजन होय, आणि त्याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. याच घाटातील ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने रस्ता मोकळा असताना, सुरुंग लावून पाडण्यात आला. त्याचे खांब वाहतुकीस अडथळा करीत होते, हे खरेच होते. पाडण्यापूर्वी त्याच्या बांधकामाचे नमुने, चुन्याचे पृथक्करण, कमानींची प्रत्यक्ष ताकद यांचा सविस्तर अभ्यास झाला असता तर घाटातील उरलेल्या कमानींविषयी मोलाची माहिती हाती लागली असती. मोडावयाचेच असलेले बांधकाम ही संरचनेच्या विद्यार्थ्यासाठी दुर्मीळ संधी असते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, तेव्हा राज्यातील जुन्या पुलांच्या परीक्षणाचे आदेश निघाले. कुंडमळ्यानंतरही निघाले. परीक्षण करणार कोण, हा प्रश्न दोन्ही वेळी तोच होता. अहवालावर सही करण्यास पदव्युत्तर पदवीधर लागतो. सही करण्याजोगे काही कळावे यासाठी गंजलेल्या रिव्हेटचा, पोकळ वाजणाऱ्या दगडाचा, आणि खांबाच्या पायाखालून वाहून गेलेल्या मातीचा अनुभव लागतो. म्हाऊ-की-मल्लीच्या चौकशीत नेमकी हीच गोष्ट पुढे आली होती.

धरणांच्या बाबतीत कायद्याने आता मुदत घालून दिली आहे. ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या धरण सुरक्षा अधिनियमानुसार प्रत्येक विनिर्दिष्ट धरणाचे सर्वंकष सुरक्षा-मूल्यमापन स्वतंत्र तज्ज्ञांच्या मंडळाकडून करून घ्यावयाचे असून पहिले मूल्यमापन पाच वर्षांच्या आत व्हावयाचे आहे. मावळातील वळवण, शिरोता व ठोकरवाडी ही धरणे या कक्षेत येतात. शंभर वर्षांपूर्वी उचलीचा दाब आणि भूकंप यांची पूर्ण कल्पना नसताना बांधलेल्या भिंती आजच्या निकषांवर तपासताना गणिताला सर्वप्रथम हवी असते ती चुन्यातील दगडी बांधकामाची प्रत्यक्ष घनता, त्याची ताणक्षमता आणि पायातील पाझर. ही मूल्ये मानकांतून उचलता येत नाहीत, ज्या त्या भिंतीतूनच काढावी लागतात. रुरकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२१ मध्ये धरण-सुरक्षा व पुनर्वसन या विषयाचा स्वतंत्र एम.टेक. अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यात देशभरातील जलसंपदा खात्यांचे सेवेतील अभियंते प्रवेश घेऊ लागले. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ मध्ये तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. आपला अभ्यासक्रम ठरविण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आता त्याच्यापाशी आहे, आणि लोणावळ्याची लोकल अजूनही शिवाजीनगरला थांबते.